मिडियम फॉरमॅट रेंजफाइंडर घेताय? पैसे देण्याआधी गच्चीवर जा

घरातली जुनी ट्रंक उपसलीत तर आगफा क्लिक थ्री निघायची शक्यता बरीच. त्यात कागदात गुंडाळलेला जो रुंद रोल जायचा, तो 120 चा. हा रोल आजही मिळतो, आणि या लेखातले सगळे कॅमेरे त्यावरच चालतात; अशा रुंद रोलच्या कॅमेऱ्यांनाच मिडियम फॉरमॅट म्हणतात. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीच्या, मधोमध एक पिवळसर ठिपका असतो. त्यात समोरच्या वस्तूची दुसरी प्रतिमा दिसते. रिंग फिरवून दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. आत आरसा नसल्यामुळे धक्का बसत नाही आणि शटरचा आवाजही जेमतेम येतो. मंडईत भाजीवालीच्या समोर उभे राहून फोटो काढला तरी ती वर बघत नाही.

पहिले काम: निगेटिव्हचा आकार ठरवा

लोक आधी कॅमेरा ठरवतात, तिथेच गडबड होते. एका रोलमध्ये 6×4.5 (हे माप सेंटिमीटरमध्ये, ढोबळ) चे 15-16, 6×6 चे 12, 6×7 चे 10 आणि 6×9 चे फक्त 8 फोटो बसतात. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून येणाऱ्या खर्चाला या आकड्याने भागा, बरेच प्रश्न तिथेच सुटतील. 6×9 ची निगेटिव्ह 35 एमएमच्या पाचपटीहून मोठी असते, त्यामुळे तिचा मोह पडतोच. पण जुन्या एन्लार्जरवर (निगेटिव्हची मोठी प्रतिमा कागदावर पाडणाऱ्या यंत्रावर) स्वतः प्रिंट काढायचे असतील तर सांभाळून. पुष्कळ एन्लार्जर 6×6 किंवा 6×7 वरच थांबतात. लॅबलाही आधी विचारा, 120 धुता का आणि हा आकार स्कॅन करता का. चौकोनी 6×6 चा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही: कॅमेरा आडवा की उभा, हा विचारच करावा लागत नाही.

मग बॅटरीचा प्रश्न

मामिया 6 (1989), मामिया 7 (1995) आणि ब्रॉनिका आरएफ 645 यांची शटर इलेक्ट्रॉनिक आहेत. बॅटरी संपली की कॅमेरा गप्प. मामिया 7 च्या लेन्स अप्रतिम आहेत यात वाद नाही, पण लेन्ससकट घ्यायचा तर चांगली मोटरसायकल येईल एवढे पैसे मोजावे लागतात, आणि आतले सर्किट गेले तर सुटा भाग शोधत बसावे लागते. फुजी जीडब्ल्यू 690 याच्या अगदी उलट. बॅटरी नाही, उजेड मोजणारा लाइटमीटर नाही, लेन्स बदलता येत नाही. 90 एमएम एफ 3.5 ची एकच लेन्स आणि सुमारे दीड किलो वजन. पर्वतीच्या पायऱ्या चढताना ते वजन जाणवते. तरी पहिलाच कॅमेरा असेल तर मी हाच घ्यायला सांगेन.

बजेट कमी असेल तर भात्याचे (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधल्या घड्यांच्या पडद्याचे) घडीचे कॅमेरे बघा: सुपर इकॉन्टा किंवा रशियन मॉस्क्वा-5. ते मिटून बॅगेत टाकता येतात. मात्र त्यांच्या भात्याने मला एकदा चांगलेच पोळले आहे. एका विक्रेत्याने ‘कंडिशन एकदम टॉप’ म्हणून दिलेला मॉस्क्वा घेऊन मी पालखीचे फोटो काढले. आठही निगेटिव्हवर एकाच कोपऱ्यात काळा डाग, म्हणजे प्रिंटवर वारकऱ्यांच्या डोक्यावर पांढरा भोपळा. भात्याच्या घडीत टाचणीच्या टोकाएवढे भोक होते.

आता गच्चीवर

विक्रेत्याकडून चार दिवसांची मुदत मागून घ्या. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी हौसेने फिरा, पण ही मुदत मिळत नसेल तर महाग वस्तू घेऊ नका.

हवा स्वच्छ असेल अशा सकाळी सिंहगडावरच्या टॉवरवर रोख धरा आणि रिंग अनंतापर्यंत (∞ या खुणेपर्यंत) न्या. टॉवरच्या दोन उभ्या रेघा एक व्हायला हव्यात. रेघा शेजारी-शेजारी राहिल्या तर रेंजफाइंडर हललेला आहे. एकीचे टोक दुसरीपेक्षा वर-खाली दिसले तर उभ्या दिशेत सरकलाय. दोन्ही दोष दुरुस्त होतात, पण खर्च किमतीतून कापून घ्या. ठिपका इतका फिका असेल की सावलीत दिसतच नाही, तर नमस्कार करून परत द्या.

मग शटर. मागचे झाकण उघडा, कॅमेरा उजेडाकडे धरा आणि फोनवर सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. 1/15 सेकंदावर शटरची पाती साधारण 16 फ्रेम उघडी दिसली पाहिजेत. वंगण वाळलेले असेल तर 30-40 फ्रेमपर्यंत रेंगाळतात, किंवा 1 सेकंदावर मिटतच नाहीत.

भात्यासाठी रात्री दिवे घालवा, मागचे झाकण उघडून फोनचा टॉर्च आत धरा आणि बाहेरून घडीचा एकेक कोपरा बघा. चांदणी दिसली की समजा, हेच ते भोक. त्याच टॉर्चने लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का तेही बघून घ्या.

एक रोल खर्च करा

कठड्यावर पाच कुंड्या तिरक्या ओळीत ठेवा. अॅपर्चर (लेन्सचे उजेड आत सोडणारे छिद्र) पूर्ण उघडून मधल्या कुंडीवर फोकस करा. निगेटिव्हवर दुसरी किंवा चौथी जास्त रेखीव आली, तर टॉवरची परीक्षा पास झालेला कॅमेराही जवळ चुकतोय. बहुतेकांचा सर्वात जवळचा फोकस 1 मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे मोदकाचा क्लोजअप विसरा. फ्रेममधले अंतर सारखे आहे का तेही याच रोलवर कळते. फुजीवर 120/220 चा (220 म्हणजे दुप्पट लांबीचा रोल) खटका असतो, तो 120 वर आहे ना ते बघा.

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, बुरशीला ते माहेर. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे.

रोल नेहमी सावलीत भरा आणि सावलीतच काढा. संपलेला रोल सैल पडू न देता घट्ट गुंडाळा, टोकाची कागदी पट्टी जिभेने ओली करून चिकटवा, आणि लॅबला जाईपर्यंत काळ्या डबीत ठेवा.