क्रोशाचे विणकाम करताना या चुका टाळा

क्रोशाच्या कामातील दोष ज्या ओळीत नजरेस पडतो, त्या ओळीत तो क्वचितच झालेला असतो. काठ आत ओढला गेला, गोल रुमालाला लाटा पडल्या किंवा दोन बाह्यांची लांबी जुळेना, की आपण शेवटच्या दोन ओळी उसवतो, त्या पुन्हा विणतो आणि तोच दोष पुन्हा समोर येतो. उसवण्यापूर्वी तो कोठे सुरू झाला असेल याचा अंदाज बांधता आला, तर निम्मी मेहनत वाचते.

काही वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांच्या आराशीसाठी मी पांढऱ्या सुती दोऱ्याचा गोल रुमाल विणायला घेतला होता. पहिल्या तीन फेऱ्या हाताने दाबल्या की सपाट बसत होत्या. पाचव्या फेरीला मात्र कडेला परकराच्या झालरीसारख्या लाटा आल्या. मी दोऱ्याला दोष दिला, रुमालाला खळ लावली, इस्त्री फिरवली, आणि सुकल्यावर त्याच लाटा अधिक ताठ होऊन उभ्या राहिल्या. दोष पहिल्या फेरीत होता. तेथे १२ ऐवजी १६ खांब, म्हणजे दोऱ्याचे उभे टाके, घातले होते आणि पुढच्या प्रत्येक फेरीत १६ खांबच वाढवत गेले होते.

हे १२ खांब कोठून येतात, ते एकदा समजून घेतले की पाठ करावे लागत नाही. वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते, त्याच्या सुमारे ६.२८ पट परिघ वाढतो. मुक्या खांबाची, म्हणजे अमेरिकन नमुन्यांतील सिंगल क्रोशेची, उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी असते. म्हणून प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवले की वर्तुळ सपाट राहते. पूर्ण खांबाची, म्हणजे अमेरिकन डबल क्रोशेची, उंची त्याच्या रुंदीच्या दुपटीच्या आसपास असते, त्यामुळे तेथे १२ खांब वाढवावे लागतात. उंचीने या दोहोंच्या मधल्या अर्ध्या खांबासाठी ८ पुरतात. पूर्ण खांबांचा रुमाल असेल, तर पहिल्या फेरीत १२, दुसरीत प्रत्येक टाक्यात दोन घालून २४, तिसरीत एकाआड एक टाक्यात दोन घालून ३६ आणि चौथीत दर तिसऱ्या टाक्यात दोन घालून ४८ खांब व्हायला हवेत. लाटा पडत असतील तर टाके जास्त झाले आहेत, आणि काम वाटीसारखे वर उचलले जात असेल तर कमी पडले आहेत. मोजणी बरोबर असूनही लाटा येत असतील, तर आपले खांब ठेंगणे होत आहेत असे समजावे. सुईने टाक्यातून ओढलेला पहिला फास जरा उंच उचलून घेतला की खांबाला त्याची उंची मिळते. वाढवण्याची जागा प्रत्येक फेरीत एकावर एक आली, तर गोलाला कोन पडतात आणि मुक्या खांबात तर स्पष्ट षटकोन दिसू लागतो; म्हणून एक फेरी सोडून ही जागा दोन-तीन टाके पुढे सरकवावी.

आपल्या नागपूरची ओळख म्हणून लोकरीचे छोटे संत्रे विणून पाहायचे असेल, तर हेच गणित कामी येते. ६ टाक्यांपासून ३६ पर्यंत वाढवत जायचे, काही फेऱ्या न वाढवता विणायच्या आणि मग त्याच हिशेबाने कमी करत आणायचे. येथे लोकरीच्या लेबलवर दिलेल्या मापापेक्षा बारीक सुई घ्यावी, नाहीतर टाक्यांच्या फटींतून आतला कापूस डोकावतो. फेरी न जोडता गोल-गोल विणत गेल्यास फेरी कोठे सुरू झाली ते हमखास हरवते, त्यामुळे पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवावा.

सरळ ओळींचे काम हळूहळू त्रिकोणी होत जाणे, ही नवशिक्यांची सर्वांत मोठी तक्रार. त्याचे कारण बहुतेक वेळा ओळ उलटताना घातलेल्या साखळीत, म्हणजे सुईवरच्या फासातून दोरा ओढून केलेल्या साध्या टाक्यात, असते. मुक्या खांबासाठी १ साखळी घालतात आणि ती टाका म्हणून मोजत नाहीत. पूर्ण खांबासाठी ३ साखळ्या घालतात आणि त्या मिळून पहिला खांब धरला जातो; म्हणून लगतचा पहिला टाका सोडावा लागतो आणि ओळीचा शेवटचा खांब मागच्या ओळीतील त्या ३ साखळ्यांच्या माथ्यावर घालावा लागतो. हा शेवटचा खांब राहून गेला की काठ आत येतो; पहिला टाका सोडायचे विसरले की काठ बाहेर पसरतो. काम उजेडात धरून वरून पाहिले, तर प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर वेणीच्या पेडासारखे दोन धागे तिरपे जुळलेले दिसतात. हे जोड मोजायची सवय लावून घ्यावी. सुरुवातीची साखळी मोजतानाही सरकगाठ आणि सुईवरचा फास मोजायचा नसतो, आणि दर २० साखळ्यांवर खुणेचा दोरा अडकवला तर मोठ्या शालीची सुरुवातही बिनचूक होते.

खालचा काठ वरच्यापेक्षा अरुंद राहत असेल, तर सुरुवातीची साखळी घट्ट पडली आहे. ती नेहमीपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर जास्त जाड सुईने घालावी आणि पहिल्या ओळीपासून नेहमीची सुई घ्यावी.

विणीच्या घट्टपणाकडे नागपुरात ऋतूनुसारही लक्ष द्यावे लागते, हे मी अनुभवाने सांगते. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा तळव्यांना घाम येतो, लोकर बोटांवरून सरकत नाही, आपण ती नकळत ओढतो आणि टाके घट्ट होतात. डिसेंबरात सुरू केलेला स्वेटर उन्हाळ्यात पुढे नेला, तर पाठ आणि बाह्या एका हाताच्या वाटत नाहीत. उन्हाळ्यात सुती दोरा आणि गुळगुळीत धातूची सुई घ्यावी, मांडीवर कोरडा नॅपकिन ठेवावा, आणि अर्धवट राहिलेले काम पुन्हा हातात घेताना १० सेंटिमीटरचा चौकोन विणून टाके मोजावेत. नमुन्यात त्या अंतरात १६ टाके असतील आणि आपले १८ येत असतील, तर ८० टाक्यांची रुंदी ५० सेंटिमीटर होण्याऐवजी ४४ च्या जवळपासच राहते. लहान मुलाच्या स्वेटरमध्ये एवढा फरक म्हणजे स्वेटर अंगात न जाणे. हा चौकोन धुऊन, वाळवून मगच मोजावा.

इंटरनेटवरील नमुना वापरताना तो अमेरिकन आहे की ब्रिटिश, हे आधी ठरवावे. अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश डबल क्रोशे, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. ओळखण्याची सोपी खूण अशी की ब्रिटिश पद्धतीत सिंगल क्रोशे हे नावच नाही. ते दिसले की नमुना अमेरिकन समजावा.

लोकर घेताना लागणाऱ्या सगळ्या गुंड्या एकदम घ्याव्यात आणि लेबलवरील रंगाचा लॉट क्रमांक, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, जुळवून पाहावा, मग दुकान सीताबर्डीचे असो की इतवारीचे. ट्यूबलाइटखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गुंड्या उन्हात वेगळ्या दिसतात. दुसऱ्या लॉटची लोकर घ्यावीच लागली, तर दोन ओळी जुन्या गुंडीच्या आणि दोन नव्या गुंडीच्या अशा काही अंतर विणाव्यात, म्हणजे रंगाची रेघ उमटत नाही. रंग बदलताना मागच्या टाक्याचा शेवटचा वेढा नव्या रंगाने ओढावा. टाका पूर्ण करून मग बदल केला की जुना रंग पुढच्या टाक्याच्या डोक्यावर दिसत राहतो.

दोऱ्याची टोके गाठ मारून कापू नयेत. गाठ धुण्यात सुटते किंवा अंगाला टोचते. किमान १५ सेंटिमीटर दोरा सोडून तो बोथट सुईने टाक्यांच्या आतून एका दिशेला, मग उलट, मग पुन्हा पहिल्या दिशेला ओवावा.

शेवटची चूक इस्त्रीची. ॲक्रिलिक लोकरीवर गरम इस्त्री टेकवली की ती कायमची चपटी आणि लुळी होते. तिला थोड्या अंतरावरून फक्त वाफ द्यावी. सुती रुमाल ओला करून, गादीवर स्वच्छ चादर अंथरून, न गंजणाऱ्या टाचण्यांनी हव्या त्या आकारात ताणून लावावा आणि ताठपणा हवा असेल तर पातळ खळ द्यावी. आपल्याकडच्या उन्हात तो पटकन वाळतो, पण रंगीत दोरा फिका पडतो. म्हणून सावलीत, पंख्याखाली वाळू द्यावा, आणि मधला भाग हाताला पूर्ण कोरडा लागेपर्यंत एकही टाचणी काढू नये.