हीटर चालू करण्याआधी: पीसीएम स्लरीच्या चाचणीची तयारी

बारीक चॅनलच्या हीट सिंकमधून (उष्णता काढून नेणाऱ्या ठोकळ्यातून) पीसीएम स्लरी, म्हणजे वितळताना उष्णता शोषणाऱ्या मेणाच्या सूक्ष्म कॅप्सूल मिसळलेलं पाणी, खेळवायचं ठरलं की आधी मेण निवडा. ऑक्टाडेकेन 28 अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं. पुण्यातल्या एप्रिलमध्ये ते खोलीच्या तापमानाला गोठणारच नाही, म्हणून स्लरी थंड करणारं यंत्र, म्हणजे चिलर हवा. चिलर नसेल तर 36-37 अंशांना वितळणारं आयकोसेन घ्या. विदर्भात मे महिन्यात मात्र त्याचाही भरवसा नाही. आपल्याच नमुन्याची डीएससी (कुठल्या तापमानाला तो किती उष्णता घेतो-सोडतो हे मोजणारी चाचणी) करून घ्या, तापवताना आणि थंड करतानाही. कॅप्सूलमधलं मेण बरेचदा वितळणबिंदूच्या काही अंश खाली गेल्यावरच गोठतं. चिलर तेवढा खाली नेत नसेल तर दुसऱ्या फेरीत आधीच वितळलेलं मेण चॅनलमध्ये शिरतं, आणि अशी स्लरी साध्या पाण्याहून वाईट: दाट जास्त, उष्णता कमी धरणारी.

आता हिशोब. याला पुरेसा वेळ द्याच. 100 वॅटचा हीटर आणि मिनिटाला 300 ग्रॅम प्रवाह धरला तर प्रत्येक ग्रॅमला 20 ज्यूल मिळतात. नुसतं पाणी त्यात साधारण 4.8 अंश तापेल. वजनाने 10 टक्के कॅप्सूल असतील आणि कॅप्सूलची सुप्त उष्णता ग्रॅमला 180 ज्यूल असेल, तर 18 ज्यूल नुसत्या वितळण्यातच जातात. म्हणजे फायदा आहे, पण तापमानवाढ एवढी लहान ठेवली तरच. प्रवाह कमी करून तीच वाढ 30 अंशांवर नेली तर हे 18 ज्यूल त्यात कुठल्या कुठे जातात. प्रवाह फार वाढवला तर मेण न वितळताच बाहेर पडतं. इनलेटचं, म्हणजे स्लरी आत शिरते तिथलं तापमान वितळणं सुरू होतं त्याच्या जेमतेम खाली ठेवा.

फरक पाच अंशांचा असल्याने तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची अर्ध्या अंशाची चूकही दहा टक्के ठरते. सगळे थर्मोकपल एकाच बाथमध्ये बुडवून एकमेकांशी ताडून पाहा.

गिअर पंप कॅप्सूल चिरडतो, पेरिस्टाल्टिक (लवचिक नळी दाबत द्रव पुढे ढकलणारा) बरा. अर्धा मिलिमीटर रुंद चॅनलला 20 मायक्रॉनची कॅप्सूल चालते, 50 मायक्रॉनच्या चॅनलला ती तुंबवेल. इनलेटआधी जाळी लावा. मेण पाण्याहून हलकं, त्यामुळे टाकीत ढवळणी हवीच.

पहिली चाचणी साध्या पाण्याचीच घ्या आणि हीटरचं व्होल्टेज गुणिले करंट पाण्याने नेलेल्या उष्णतेशी जुळतंय ना, ते बघा. पाण्याला कमी लेखू नका: 1981 मध्ये स्टॅनफर्डला टकरमन आणि पीज या संशोधकांनी साध्या पाण्याने चौरस सेंटिमीटरला 790 वॅट उष्णता काढली होती. तुलना करताना दाबातली घट आणि पंपाला लागलेली वीजही मोजा.

स्लरीचा थोडा नमुना चाचणीआधी बाटलीत काढून ठेवा. नंतरच्या नमुन्याशेजारी तो मायक्रोस्कोपखाली धरला की किती कॅप्सूल फुटल्या ते कळतं.