भाव उतरले म्हणून घर घेताय? आधी या चुका टाळा

पुण्या-मुंबईत फ्लॅटचे भाव खाली यायला लागले की पहिलं घर शोधणाऱ्यांच्या जिवात जीव येतो. काल सत्तर लाखांच्या खाली न बोलणारा मालक आज साठवर येतो, ब्रोकर स्वतःहून फोन करतो आणि इतकी वर्षं हुलकावणी देणारं घर हाताशी आल्यासारखं वाटतं. हिशेब चुकतो तो इथेच. उतरलेला असतो फक्त सौद्याचा भाव. सरकारी बाजारमूल्य, बँकेचं कर्ज, व्याजदर आणि बिल्डरच्या हातातला पैसा यांपैकी काहीही तुमच्या सोयीने त्याच्या मागोमाग येत नाही, आणि घर परवडणार की नाही हे त्यांच्यावरच ठरतं.

रेडी रेकनर न पाहता भाव पाडणं

सगळ्यात महागात पडणारी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी चूक ही आहे. मुद्रांक शुल्क लागतं ते करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराने निघणारी किंमत यांतली जी जास्त असेल तिच्यावर. रेकनरचे दर सरकार १ एप्रिलला ठरवतं. २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये ते जैसे थे होते, २०२५-२६ साठी राज्यात सरासरी ३.८९ टक्के वाढले. एखाद्या भागात भाव पडले म्हणून हे दर लगेच खाली येतील, असं धरून चालू नका.

एक उदाहरण मांडू. पुण्यातला रीसेलचा फ्लॅट तुम्ही घासाघीस करून ६० लाखांत ठरवलात. रेकनरप्रमाणे त्याची किंमत निघते ६८ लाख. पुणे शहरात शुल्क ७ टक्के, म्हणजे तुम्ही मनात धरलेले ४ लाख २० हजार नाहीत, तर ४ लाख ७६ हजार. हे ५६ हजार एक वेळ सोसतील. खरा फटका आयकराचा आहे. दोन किमतींतला फरक करारातल्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त झाला, तर तो सगळा फरक घेणाऱ्याचं ‘इतर उत्पन्न’ धरला जातो. इथे मर्यादा ६ लाखांची आणि फरक ८ लाखांचा. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससकट जवळपास अडीच लाखांचा कर, आणि तोही तुमच्या हातात कधी न आलेल्या पैशावर. विकणाऱ्यालाही भांडवली नफा रेकनरच्याच किमतीवर मोजावा लागतो.

नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या काळात केंद्राने बिल्डरकडून घेतलेल्या दोन कोटींपर्यंतच्या नव्या घरांसाठी ही १० टक्क्यांची मर्यादा २० टक्के केली होती. ती मुदत संपली, तरी ‘वीस टक्के चालतं’ असं छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. त्यांच्यावर विसंबू नका.

उपाय सोपा आहे. टोकन देण्याआधी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-एएसआर या रेकनरच्या दरपत्रकात त्या विभागाचा दर बघा. फरक १० टक्क्यांच्या आत बसत असेल तर निर्धास्त भाव पाडा. बसत नसेल आणि रेकनरचा दरच अवास्तव वाटत असेल, तर नोंदणीपूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती लागेल ते ठरवून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. आयकरात प्रश्न आला तर मूल्यांकन अधिकाऱ्याकडून किंमत ठरवून घेण्याची मागणीही करता येते. वेळ जातो, पण मार्ग आहे.

‘वीस टक्के आपले, बाकी बँकेचे’

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. पण किंमत कोणती? बँक घराची किंमत ठरवायला स्वतःचा व्हॅल्युअर पाठवते, आणि त्याचा आकडा करारापेक्षा कमी आला तर कर्ज त्या आकड्यावर बसतं. चढत्या बाजारात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. उतरत्या बाजारात व्हॅल्युअर हात आखडता घेतो.

तोच फ्लॅट पुढे धरू. व्हॅल्युअरने ५६ लाख लावले, तर ८० टक्क्यांनी कर्ज ४४ लाख ८० हजार. साठातले उरलेले १५ लाख २० हजार तुमचे. मुद्रांक शुल्क ४ लाख ७६ हजार, नोंदणी फी ३० हजार. एकूण २० लाख २६ हजार. ब्रोकर, वकील आणि सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम अजून यायचंच आहे, आणि मुद्रांक-नोंदणीचे पैसे कर्जाच्या या टक्केवारीत धरले जात नाहीत. १२ लाख जमवून खूश असलेलं कुटुंब इथे उरलेल्या आठ लाखांसाठी दागिने आणि पर्सनल लोनकडे वळतं. पर्सनल लोन काढून डाउन पेमेंट भरावं लागत असेल, तर ते घर सध्या परवडत नाही. इतकं सरळ आहे ते, आणि हे आधी कळलं तर कुणाचंही नुकसान होत नाही.

खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. आमच्याकडे ‘नाव दोघांचं हवं’ म्हणून ती सर्रास सोडली जाते. या उदाहरणात ते ६८ हजार रुपये आहेत. निर्णय तुमचा, पण आकडा माहीत असू द्या.

आजच्या हप्त्यावर वीस वर्षांचं आयुष्य बेतणं

मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ झाला. ४५ लाखांचं २० वर्षांचं कर्ज ६.७५ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे ३४,२०० बसतो. ९.२५ टक्क्यांनी तोच ४१,२०० होतो. अनेकांना हे जाणवलंच नाही, कारण बँकांनी हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना हप्ता वाढवायचा की मुदत हे कर्जदाराला विचारणं बंधनकारक केलं आहे. बँकेकडून मेसेज आला की तो वाचा आणि झेपत असेल तर हप्ता वाढवून घ्या.

माझं मत विचाराल तर आजच्यापेक्षा दोन टक्के जास्त दराने हप्ता काढा आणि तो दोघांपैकी एकाच्याच पगारात निघतो का ते बघा. बाजार पडण्याचा आणि नोकऱ्या जाण्याचा काळ पुष्कळदा एकच असतो. अशा वेळी घर विकून मोकळं व्हावं म्हटलं, तर येणारी किंमत कर्जाहून कमी असू शकते. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा भाग व्याजातच जातो, मुद्दल जेमतेम हलतं. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही. बोनस आला की थेट मुद्दलात टाका.

स्वस्त मिळतोय म्हणून बांधकाम चालू असलेला फ्लॅट

उतरत्या बाजारात बिल्डरची विक्री थंडावते, पुढचा स्लॅब ज्या पैशातून पडायचा तोच येत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही बडी वित्त कंपनी कोसळली, वित्त कंपन्यांनी हात आवरले आणि देशभर प्रकल्प अडकले. रखडलेल्या घरांसाठी केंद्राला २०१९ मध्ये २५ हजार कोटींचा स्वामीह निधी जाहीर करावा लागला. ती कुटुंबं घरभाडं आणि हप्ता दोन्ही भरत होती. या ओझ्यापुढे दर फुटामागे मिळालेली सूट काहीच नाही.

म्हणून महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडा आणि ब्रोशर विसरून तीन-चार गोष्टी बघा: पूर्ण होण्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली, किती फ्लॅट विकले गेले, जमिनीवर कुणाचं कर्ज आहे, तक्रारी कोणत्या आहेत. प्रकल्प गहाण असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेचं तुमच्या फ्लॅटसाठीचं ना हरकत पत्र मागा. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेणं रेरा कायद्याने मना आहे. ‘आज वीस टक्के भरा, करार नंतर बघू’ म्हणणाऱ्या ऑफिसमधून उठून या.

भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्याला साधारणपणे ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्याला १ टक्का. तुलना करताना हा फरक धरलाच पाहिजे.

मॉड्युलर किचन, सोन्याचं नाणं, एसी वगैरे देऊ करत असतील तर त्याऐवजी करारातली किंमत कमी करून मागा. शुल्क, जीएसटी आणि कर्ज सगळं त्या किमतीवर चालतं. फक्त रेकनरची मर्यादा सांभाळा.

आणि खरा भाव किती उतरला हे ब्रोकरला विचारू नका. त्याच इमारतीतले मागच्या सहा महिन्यांतले नोंदलेले व्यवहार इंडेक्स २ या नोंदणी विभागाच्या उताऱ्यात दिसतात. जाहिरातीतला भाव आणि तिथला भाव यांत मोठं अंतर सापडतं.

आधीच अडकला असाल तर

टोकन देऊन झालं आणि कर्ज कमी मंजूर झालं, तर आधी दुसऱ्या बँकेचं मूल्यांकन घ्या, दोन व्हॅल्युअरांचे आकडे वेगळे निघू शकतात. कमी आलेला अहवाल मालकापुढे ठेवून भावही पुन्हा बोला. पडत्या बाजारात दुसरं गिऱ्हाईक सहज मिळत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. रीसेलच्या टोकन पावतीवर ‘अपेक्षित कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत’ ही ओळ मात्र सुरुवातीलाच लिहून घ्यायला हवी.

बिल्डरकडे बुकिंग असेल तर बुकिंगच्या वेळी मिळालेलं वाटपपत्र काढून वाचा. महारेराच्या नमुन्याप्रमाणे पहिल्या १५ दिवसांत रद्द केल्यास कपात नाही, पुढे ती वाढत जाऊन ६० दिवसांनंतर २ टक्के होते. नुसता भाव पडला म्हणून करारातून सुटका मिळत नाही. ताबा कराराच्या तारखेला मिळाला नाही, तर मात्र पूर्ण पैसे व्याजासकट परत मागायचा, किंवा घर ठेवून दर महिन्याच्या उशिराचं व्याज घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. तारीख करारात लिहिलेली आणि करार नोंदलेला असला तर हा हक्क बजावणं सोपं जातं.