भूत कुठून आले, हे आधी विचारा

एम.ए.च्या पहिल्या वर्षी ‘हॅम्लेट’ वाचताना हॅम्लेटच्या मेलेल्या बापाचे, म्हणजे आधीच्या राजाचे भूत म्हणजे आपल्या गोष्टींतला अतृप्त आत्मा, असे मी धरून चाललो आणि परीक्षेतही तसेच लिहिले. गुण बरे मिळाले, पण नाटकाचा गाभा हातून निसटला होता, हे उमगायला दोन वर्षे गेली. शेक्सपिअरच्या काळातील नाटकांकडे नव्याने वळणाऱ्या विद्यार्थ्यांची ती दोन वर्षे वाचावीत, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

ते भूत सांगते की, हयातीतली पापे जळून शुद्ध होईपर्यंत आपल्याला दिवसा आगीत राहावे लागते आणि ठरावीक मुदतीपर्यंत रात्री भटकावे लागते. हे वर्णन कॅथलिकांच्या परगेटरीचे, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्म्याची पापे जिथे जळतात त्या मधल्या अवस्थेचे आहे. पण मृतांसाठी प्रार्थना करवून घेण्याकरिता दिलेली इनामे इंग्लंडच्या राजसत्तेने 1547 च्या कायद्याने जप्त केली होती आणि परगेटरीची कल्पनाच तिथल्या चर्चने पुढे अधिकृतपणे नाकारली. त्यात हॅम्लेट शिकतो ते विटेनबर्गला, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचा पाया घालणाऱ्या ल्यूथरच्या गावी. मग हे बापाचे भूत, की बापाचे रूप घेतलेला सैतान? ही शंका तो स्वतः बोलून दाखवतो आणि खात्री करून घेण्यासाठीच, भुताने ज्याच्यावर खुनाचा आरोप केला त्या नव्या राजापुढे नाटक करवतो. ज्याला आपण सरसकट सूड घेण्यातली त्याची चालढकल म्हणतो, तिचा निदान एक भाग तरी धर्मसंकटाचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

हे संकट प्रेक्षकांच्या घरातलेही होते. 1534 मध्ये आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडले, 1553 मध्ये गादीवर आलेल्या मेरीने ते पुन्हा जोडले आणि 1559 मध्ये एलिझाबेथने पुन्हा तोडले. एकाच माणसाच्या हयातीत खरा धर्म कोणता याचे उत्तर इतक्या वेळा बदलले. शेक्सपिअरच्या गावच्या, स्ट्रॅटफर्डच्या हिशेबात चॅपलमधील जुनी कॅथलिक चित्रे विद्रूप करण्यासाठी दोन शिलिंग दिल्याची नोंद आहे आणि तो हिशेब शेक्सपिअरच्या वडिलांच्या कारभारातला आहे. माझ्यासाठी हा सारा इतिहास त्या एका ओळीने जिवंत केला.

चेटकिणींच्या नाटकांकडे वळताना आधी कायदा वाचावा. 1563 च्या कायद्यापेक्षा 1604 चा कायदा कडक होता. दुष्ट शक्तींशी करार करणे किंवा त्यांना खाऊ घालणे एवढ्यावरही त्यात फाशी होती. पुढे इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स स्कॉटलंडचा राजा असताना चेटकिणींच्या चौकशीत जातीने बसला होता आणि 1597 मध्ये त्याने या विषयावर ग्रंथही लिहिला होता. चेटकिणी असलेले ‘मॅक्बेथ’ त्याच्याच इंग्लंडमधल्या कारकिर्दीतले आहे.

सुरुवात मात्र ‘द विच ऑफ एडमंटन’पासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. एलिझाबेथ सॉयर या बाईला 1621 मध्ये चेटकीण म्हणून फाशी झाली आणि डेकर, फोर्ड व राउली यांचे तिच्यावरचे हे नाटक त्याच वर्षी रंगभूमीवर आले. त्यातली म्हातारी काटक्या वेचताना मार खाते आणि आपण गरीब, पाठीत वाकलेल्या, अडाणी आहोत म्हणूनच लोक आपल्याला चेटकीण ठरवतात, असे म्हणते. पुढे गावकरी तिच्या झोपडीचे मूठभर गवत उपटून आणून जाळतात, कारण चेटकीण असेल तर ती धावत येईल, अशी त्यांची समजूत असते. आणि ती खरोखर येते. न्यायाधीश या पुराव्याला हास्यास्पद ठरवतो. पण त्याच रंगमंचावर काळ्या कुत्र्याच्या रूपातला सैतान तिच्याशी बोलतो, तिचे रक्त पितो, आणि तो खोटा आहे असे नाटक कुठेही म्हणत नाही.