बेटांवरच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरण्यापूर्वी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील मराठी माणसाला गरम पाण्याच्या झऱ्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. राजापूरच्या गंगेला जाऊन जवळच्या उन्हाळे गावातील गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळ करून आलेले एखादे तरी वडीलधारे माणूस आपल्याकडच्या बहुतेक घरांत सापडते. आता याच घरांतून लोक श्रीलंका आणि बाली येथे सहलीला जाऊ लागले आहेत. सहलीच्या कार्यक्रमात श्रीलंकेतील त्रिंकोमालीजवळचे कन्निया, उत्तर बालीतील बांजार किंवा बातुर सरोवराकाठचे तोया बुंगका असे नाव दिसले की मंडळी राजापूरच्याच भरवशावर पाण्याकडे निघतात. कुंडात तीनदा बुडी मारायची, तीर्थ म्हणून ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे आणि सांधे दुखतात म्हणून सोसेल तितका वेळ बसून राहायचे, या आपल्या तिन्ही सवयी परक्या बेटावरील अनोळखी पाण्यात महागात पडू शकतात. म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

जाण्यापूर्वी त्या झऱ्याचे पाणी कशामुळे तापते हे समजून घ्यावे. कोकणातील झरे आणि श्रीलंकेतील झरे एका जातीचे आहेत. पावसाचे पाणी खडकांतील भेगांतून खूप खोल उतरते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते; जवळपास ज्वालामुखी नसतो. बालीतील बातुरची गोष्ट वेगळी आहे. तो जागृत ज्वालामुखी असून त्याचा शेवटचा उद्रेक २००० साली झाला. अशा डोंगराच्या पायथ्याचे पाणी कधी अधिक तापेल आणि त्यासोबत कोणते वायू वर येतील, याचा नेम नसतो. इंडोनेशियात ज्वालामुखींसाठी इशाऱ्याच्या चार पायऱ्या ठरलेल्या आहेत. त्यांपैकी तिसरी ‘सियागा’ आणि चौथी ‘आवास’. यांपैकी कोणतीही पायरी जाहीर झालेली असल्यास त्या डोंगराजवळचे कुंड कार्यक्रमातून काढून टाकावे, पैसे भरलेले असले तरीही.

पावसाच्या बाबतीत आपली एक ठराविक चूक होते. दसरा झाला की पाऊस संपला, हे खानापूरच्या रानात खरे असले तरी त्रिंकोमालीला लागू पडत नाही. तेथे ईशान्य मोसमी पाऊस पडतो आणि त्याचा जोर साधारण ऑक्टोबर ते जानेवारी असतो, म्हणजे नेमका आपल्याकडच्या सहलींच्या दिवसांत. बालीतील पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च हा आहे. ओढ्याच्या पात्रात किंवा काठाला असलेल्या कुंडात पाऊस पडत असताना उतरू नये. वर डोंगरावर काळे ढग दिसत असल्यास आपल्या डोक्यावर ऊन असले तरी उतरू नये, कारण बेटावरचे ओढे लहान आणि उताराचे असल्यामुळे पाणी फार झपाट्याने चढते.

आता तापमानाविषयी. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सियस असते. ४० अंशांपर्यंतच्या पाण्यात निरोगी प्रौढ माणसाने दहा ते पंधरा मिनिटे बसावे आणि त्याहून अधिक तापलेल्या पाण्यात बसूच नये. पन्नाशीच्या आसपासचे पाणी काही मिनिटांत भाजते. साठ अंशांच्या पाण्याला पाच सेकंद पुरतात, आणि लहान मुलांच्या व म्हाताऱ्या माणसांच्या पातळ कातडीला तितकेही लागत नाहीत. कोकणातील उन्हवऱ्याचे पाणी सत्तर अंशांच्या घरात आहे, यावरून ‘झऱ्याचे पाणी’ या एका शब्दात किती अंतर सामावते हे ध्यानात यावे. तापाचा काचेचा थर्मामीटर या कामाचा नाही, कारण त्याची पट्टी ४२ अंशांवर संपते. स्वयंपाकघरात दुधाचे वा पाकाचे तापमान पाहण्यासाठी जो डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो सामानात टाकावा. तोही नसल्यास बाळाच्या आंघोळीचे पाणी जसे कोपर बुडवून पाहतात तसे पाहावे. बोटांना आणि तळव्यांना रोजच्या कामामुळे चटका उशिरा कळतो. कोपर खरे सांगते. शिवाय पाणी एकाच जागी पाहून थांबू नये. झरा जेथून उसळतो तो कोपरा आणि पाणी जेथून बाहेर वाहते तो कोपरा यांत पुष्कळ अंतर पडते.

मधुमेही माणसाने तर कोपरावरही विसंबू नये. माझ्या आत्याला मधुमेह होऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. कोकणातील एका कुंडावर आम्ही सगळे काठावर पाय सोडून बसलो होतो आणि ती नेमकी झऱ्याच्या तोंडाशी बसली होती. आम्हाला मिनिटाभरात पाय वर ओढावे लागले. ती मात्र “मला तर कोमटच लागतंय की,” असे म्हणत बसून राहिली. आंबोली घाट चढून येताना गाडीत तिने पायमोजा ओढला, तेव्हा टाचेपासून बोटांपर्यंतची कातडी पांढरी पडून फुगलेली होती आणि तिला काहीच दुखत नव्हते. ती जखम भरायला अडीच महिने लागले. मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झालेल्या माणसाला चटक्याची वेदनाच पोहोचत नाही, म्हणून अशा माणसासाठी पाणी दुसऱ्याने मोजावे आणि वेळ घड्याळात पाहून दुसऱ्यानेच संपवावी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांना गरम पाण्यातून एकदम उठल्यावर भोवळ येते. त्यांनी आधी काठावर बसून मगच उभे राहावे. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये, गरोदर स्त्रियांनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, कुंड टाळावे आणि दारू घेतलेल्या कोणालाही पाण्याजवळ जाऊ देऊ नये.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डोके पाण्याबाहेर ठेवावे. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा वाढू शकतो आणि तो ४६ अंशांपर्यंतच्या पाण्यात तग धरतो, म्हणजे अंगाला सुखाचे वाटणारे पाणी त्यालाही मानवते. तो पाणी प्यायल्याने शरीरात शिरत नाही. बुडी मारताना किंवा उडी घेताना नाकात पाणी जोराने गेले, तरच तो मेंदूपर्यंत पोहोचतो. हा आजार अत्यंत दुर्मिळ आहे, परंतु झालेला माणूस क्वचितच वाचतो. कॅरिबियन समुद्रातील ग्वाडेलूप बेटावर २००८ साली गरम झऱ्याच्या पाण्यात पोहलेला नऊ वर्षांचा मुलगा याच आजाराने दगावला. श्रद्धेने स्नान करावयाचे असल्यास तांब्याने खांद्यावरून पाणी घ्यावे आणि मस्तकाला ओले बोट लावावे. पाणी तोंडातही घेऊ नये. अमीबाचा धोका तोंडावाटे नसला तरी पोट बिघडवणारे जंतू तेथे असू शकतात. डोळ्यांतील कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढून ठेवाव्यात, आणि पायाला उघडी जखम असल्यास त्या दिवशी केवळ पाहून परतावे.

कन्नियाला तर बुडी मारण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे दगडी काठाच्या सात लहान, उथळ विहिरी आहेत. आईच्या उत्तरक्रियेसाठी रावणाने जमिनीवर प्रहार करून त्या निर्माण केल्या, अशी कथा सांगतात. लोक बादलीने पाणी शेंदून अंगावर घेतात. प्रत्येक विहिरीचे पाणी कमीअधिक तापलेले असते, त्यामुळे दर नव्या विहिरीची पहिली बादली हाताने पाहूनच ओतावी. ही पूजेची जागा आहे, म्हणून अंगभर सुती कपड्यांत स्नान करावे. तेथील फलकांवरील तमिळ ‘वेन्नीर’ या शब्दातील ‘नीर’ आपल्याला कन्नडमुळे ओळखीचे वाटते आणि सिंहली ‘उणु वतुर’ ऐकताना ‘ऊन पाणी’ आठवते. सीमाभागातील माणसाला याचा आनंद होईल. बालीत ‘पानास’ म्हणजे गरम, ‘बरबाहाया’ म्हणजे धोकादायक आणि ‘दिलारांग बरनांग’ म्हणजे पोहण्यास मनाई. हे तीन शब्द वहीत लिहून न्यावेत.

ज्वालामुखीच्या भागात वायूचे भान ठेवावे. विहिरीत उतरण्यापूर्वी आपले शेतकरी जळता कंदील खाली सोडून पाहत असत, त्याचे कारण जड वायू तळाशी साचतो हे त्यांना माहीत होते. डोंगरातील खळग्यांतही तसेच घडते. जावा बेटावरील डिएंग पठारावर फेब्रुवारी १९७९ मध्ये जमिनीतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने शंभराहून अधिक माणसे गुदमरून मेली, आणि त्या वायूला वासही नसतो. कुजलेल्या अंड्यांचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड निदान सूचना देतो, पण त्याचे प्रमाण फार वाढले की नाकाला तो वास येईनासा होतो. म्हणून तीव्र वास एकाएकी नाहीसा झाला तर ते सुचिन्ह समजू नये. खळगा सोडून उंच, वाऱ्याच्या जागी जावे. बांजारच्या गंधकयुक्त पाण्यात उतरण्यापूर्वी चांदीची जोडवी आणि पैंजण काढून ठेवावेत. माझ्या बहिणीची जोडवी तेथून बाहेर येताना काजळासारखी झाली होती आणि ती उजळायला सोनाराकडे द्यावी लागली.

काठावरचे शेवाळ आणि क्षारांचा गुळगुळीत थर यांवरून पाय घसरून उकळत्या कोपऱ्यात पडण्याची भीती असते, म्हणून रबरी तळाची चप्पल पायात ठेवावी, कठडा ओलांडू नये आणि मुलाचा हात सोडू नये. इतके करूनही भाजलेच, तर त्या भागावर निदान वीस मिनिटे स्वच्छ, थंड वाहते पाणी धरावे. सूज चढण्यापूर्वी अंगठ्या, बांगड्या, जोडवी उतरवावीत. बर्फ, तूप, हळद, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ कपड्याने सैल झाकून रुग्णालय गाठावे. श्रीलंकेत रुग्णवाहिकेसाठी १९९० हा विनामूल्य क्रमांक आहे.

कुंडातून निघाल्यावर साध्या पाण्याने अंग धुऊन भरपूर पाणी प्यावे. कोणत्या दिवशी कोणत्या कुंडात उतरलो, हे प्रत्येकाने टिपून ठेवावे. अमीबाची लक्षणे एक ते बारा दिवसांत दिसतात, म्हणजे तोवर आपण घरी परतून कामाला लागलेले असतो. या काळात तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या किंवा मान आखडणे सुरू झाल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि गरम झऱ्यात नाकात पाणी गेल्याचे आपण होऊन सांगावे, कारण बेळगावच्या टिळकवाडीतील डॉक्टरांना त्रिंकोमालीबद्दल विचारण्याचे सहसा सुचणार नाही.