काळं पडलेलं निरांजन आणि खायचा सोडा

गणपतीच्या आधी चांदीची भांडी काढली, तर निरांजन आणि अत्तरदाणी पार काळी. हा काळेपणा म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो, त्यामुळे साबणाला तो दाद देत नाही. पावडरने घासलं की थर जातो, पण सोबत चांदीही झिजते. आमच्या अत्तरदाणीवरची वेलबुट्टी अशीच पुसट झालीय.

म्हणून परातीत अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरली, भांडी ठेवली, दोन-तीन चमचे खायचा सोडा, चमचाभर मीठ आणि वरून कढत पाणी. भांडं फॉइलला टेकलंच पाहिजे, नाहीतर नुसतीच आंघोळ! सडक्या अंड्यासारखा वास आला (खिडकी उघडी ठेवा), फॉइल काळवंडली आणि चांदी उजळत गेली. अ‍ॅल्युमिनियम जास्त क्रियाशील. ते इलेक्ट्रॉन देतं आणि सल्फाइडमधली चांदी पुन्हा धातुरूपात येते. निरांजनाच्या दांड्याशी काळं उरलं होतं, तिथे फॉइलचा बोळा टेकवला.

मोत्यांचे, खड्यांचे किंवा मुद्दाम काळे केलेले ऑक्सिडाइज्ड दागिने मात्र यात अजिबात घालू नका.