कॅन्सरच्या उपचारांचा खर्च: बिल भरण्याआधी कुठे आणि कोणत्या क्रमाने जायचे

बायोप्सीचा रिपोर्ट आला की घरात पहिली धावपळ पैशांची सुरू होते. एफडी मोडली जाते, दागिने गहाण पडतात, भावकीला फोन जातात. पैसे जमले की पेशंटला जवळच्या हॉस्पिटलमध्ये दाखल करतात आणि सरकारी योजनेची चौकशी पहिले दोन-तीन लाख संपल्यावर सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो. महाराष्ट्रातल्या आणि केंद्राच्या बहुतेक योजना व निधी पुढच्या उपचारांसाठी हॉस्पिटलला पैसे देतात. तुम्ही आधीच भरलेले बिल परत देत नाहीत. म्हणून आधी मंजुरी घ्यायची, मग उपचार सुरू करायचे. पेशंट अत्यवस्थ असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखल करा आणि त्याच दिवशी योजनेच्या माणसाला गाठा.

पहिले दोन दिवस: फाइल

एक जाड फाइल घ्या. तिच्यात बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, सीटी किंवा पेट स्कॅनचे रिपोर्ट, डॉक्टरांचे कागद, पेशंटचे आधार कार्ड, रेशन कार्ड, बँक पासबुकाचे पहिले पान आणि पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो ठेवा. प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये स्पष्ट फोटो घेऊन ठेवा. मूळ रिपोर्ट कुठल्याही कार्यालयात सोडून येऊ नका. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइडही (तपासलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) लॅबमधून मागून घ्या. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये गेल्यावर ते लागतातच, नाहीतर बायोप्सी पुन्हा करावी लागण्याची वेळ येते.

आता नावे जुळवा. अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच. आधारवर ‘सुमन रामचंद्र’, रेशन कार्डावर ‘सुमनबाई’ आणि हॉस्पिटलच्या केसपेपरवर तिसरेच काही, असे असेल तर संगणक तो माणूस एकच आहे असे मानत नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरच राहिलेले असते, तर मुलाचे नाव कधी चढवलेलेच नसते. घरातला एक माणूस पेशंटजवळ ठेवा आणि दुसऱ्याला त्याच दिवशी तहसीलच्या पुरवठा शाखेत पाठवून नाव चढवण्याचा अर्ज द्या. रेशन कार्डाला ऑनलाइन बारा अंकी क्रमांक आहे ना, तेही तिथेच पाहून घ्या.

त्याच फेरीत सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवर तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज करा. पुढे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हा दाखला मागतात आणि तो चालू आर्थिक वर्षाचाच लागतो. मुलाच्या कॉलेजसाठी मागच्या वर्षी काढलेला दाखला चालत नाही.

पहिले दार: महात्मा फुले योजना आणि आयुष्मान कार्ड

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी कार्डांपुरती होती आणि संरक्षण वर्षाला दीड लाखाचे होते. ‘आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला काही मिळत नाही’ हे वाक्य त्या काळातले आहे, आणि अजून घरोघरी ऐकू येते. २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबे तिच्यात आहेत आणि संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे आहे. केंद्राची आयुष्मान भारत योजनाही राज्यात हिच्याशी जोडून चालते. पेशंटचे वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघते. त्यावरही वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात.

हॉस्पिटल निवडण्यापूर्वी १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. ‘हे हॉस्पिटल योजनेत आहे का’ एवढेच विचारून फोन ठेवू नका. अंगीकृत रुग्णालय, म्हणजे योजनेत सामील केलेले हॉस्पिटल, ठराविक उपचारांसाठीच अंगीकृत असते. एखाद्या ठिकाणी कॅन्सरची शस्त्रक्रिया योजनेतून होते आणि रेडिएशन होत नाही, कारण तिथे मशीनच नसते. शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन या तिन्हींची चौकशी वेगवेगळी करा. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा दोन किंवा तिन्ही उपचार लागतात. मधेच हॉस्पिटल बदलावे लागले तर कागदांची फेरी नव्याने सुरू होते.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाचा, कक्ष शोधा. अंगीकृत रुग्णालयात तो असतोच. रेशन कार्ड, आधार आणि रिपोर्ट त्याला द्या. तो नोंदणी करतो, डॉक्टर उपचाराचे पॅकेज ठरवतात आणि पूर्वमंजुरीसाठी कागद ऑनलाइन जातात. मंजुरी आली की उपचार कॅशलेस होतात. पॅकेजमध्ये खाट, औषधे, शस्त्रक्रियेचे साहित्य, तपासण्या, पेशंटचे जेवण आणि परतीचे एका वेळचे एसटी किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे धरलेले असते. म्हणून ‘योजनेतून ऑपरेशन होईल, पण इंजेक्शनं बाहेरून आणा’ असे कोणी म्हणाले तर चिठ्ठी लेखी मागा, मेडिकलचे बिल जपून ठेवा आणि त्याच टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. आवाज चढवण्यापेक्षा तक्रारीचा क्रमांक दाखवलेला जास्त लागू पडतो.

योजनेच्या मर्यादाही आधीच माहीत असू द्या. ५ लाख एका पेशंटचे नसतात, अख्ख्या कुटुंबाचे असतात. त्याच वर्षी आजोबांची अँजिओप्लास्टी झाली असेल तर ती रक्कम वजा झालेली असते. निदानापूर्वी स्वतःच्या पैशाने केलेल्या तपासण्यांचे पैसे सहसा मिळत नाहीत. महागडी नवी औषधे, विशेषतः इम्युनोथेरपीची (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी) इंजेक्शने, पॅकेजमध्ये आहेत की नाहीत हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. नसतील तर त्यांच्यापुरते पैसे पुढच्या दारांतून उभे करायचे आहेत.

गोव्यातल्या रहिवाशांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण मिळते. कार्ड आधीच काढून नूतनीकरण केलेले हवे.

धर्मादाय हॉस्पिटल: राखीव खाटा

मोठ्या शहरांतली कित्येक पंचतारांकित वाटणारी हॉस्पिटले कागदोपत्री धर्मादाय न्यास असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ठरवून दिलेली योजना यांनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन गट आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल गट. निर्धन गटाला उपचार मोफत आहेत, दुर्बल गटाला बिलात ५० टक्के सवलत आहे. औषधे आणि साहित्य खरेदीच्या किमतीने लावायचे असते, छापील किमतीने नाही.

काउंटरवर ‘सवलत आहे का?’ असे विचारलेत तर बहुधा नकारच मिळेल. वैद्यकीय समाजसेवा अधिकारी कुठे बसतात ते विचारा, उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन त्यांच्याकडे जा आणि ‘आयपीएफमधून’, म्हणजे निर्धन रुग्ण निधीतून, उपचार हवेत असा लेखी अर्ज द्या. आपल्या प्रतीवर पोच घ्या. खाटा भरल्या आहेत असे सांगितले तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवणे या योजनेत बसत नाही, हेही लक्षात ठेवा.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये नोंदणी करताना जनरल की प्रायव्हेट असे विचारतात. डॉक्टर आणि उपचार यांसाठी जनरल वर्ग कमी प्रतीचा नाही. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. लवकर नंबर लागावा म्हणून घाईत प्रायव्हेट निवडणाऱ्या घरांची पुढे फार ओढाताण होते, कारण उपचार महिनोन् महिने चालतात. तिथला समाजसेवा विभाग वेगवेगळ्या न्यासांकडे अर्ज पाठवतो. त्यामुळे ट्रस्टांचे पत्ते घेऊन मुंबईभर एकट्याने फिरण्याआधी त्या विभागात बसा. मुलांच्या कॅन्सरसाठी तिथे वेगळी व्यवस्था आहे.

मुख्यमंत्री आणि पंतप्रधान निधी

योजना आणि राखीव खाटा यांतूनही जे उरते त्यासाठी हे निधी आहेत. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवे आणि हॉस्पिटल या निधीच्या कक्षाच्या यादीत हवे. अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशन कार्ड, रिपोर्ट, पेशंट दाखल असल्याचा जिओ टॅग केलेला (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो आणि हॉस्पिटलचे अंदाजपत्रक लागते. खासगी हॉस्पिटलचे अंदाजपत्रक असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडून ते प्रमाणित करून घ्यावे लागते. या एका सहीसाठी दोन दिवस हाताशी ठेवा. कक्षाचा टोल फ्री क्रमांक १८०० १२३ २२११ आहे. जिल्हाधिकारी कार्यालयांतही आता कक्ष आहेत, मंत्रालयापर्यंत जायची गरज नाही.

पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीला साधारण हेच कागद लागतात. खासदारांच्या कार्यालयात हा अर्ज भरायला मदत करतात. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी राष्ट्रीय आरोग्य निधीत आरोग्यमंत्र्यांचा कॅन्सर रुग्ण निधी आहे. तो प्रादेशिक कॅन्सर केंद्रांतल्या उपचारांसाठी मिळतो.

या सगळ्यांत मंजुरी अंदाजपत्रकावर ठरते आणि तेच सर्वांत निष्काळजीपणे लिहिलेले असते. ‘कॅन्सर ट्रीटमेंट, अंदाजे ५ लाख’ असल्या कागदावर काही होत नाही. पेशंटचे आधारप्रमाणे नाव, हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक, आजाराचे नाव आणि टप्पा, तारीख, डॉक्टरांची सही, त्यांचा नोंदणी क्रमांक, शिक्का, हॉस्पिटलच्या बँक खात्याचा तपशील हे सगळे हवे. खर्च फोडून लिहिलेला हवा: केमोच्या ६ सायकल, प्रत्येकी ३५ हजार, मिळून २ लाख १० हजार, शस्त्रक्रिया १ लाख ८० हजार, रेडिएशनची २५ सत्रे, १ लाख २० हजार, एकूण ५ लाख १० हजार. आधी कुठून किती मंजूर झाले तेही अर्जात लिहा. पूर्ण रक्कम एकाच निधीतून मिळत नाही. सहीचे मंजुरीपत्र आले की त्याची प्रत हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात स्वतः नेऊन द्या, कारण रक्कम थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाते आणि ती कुणाच्या नावाची आहे हे तिथे कळावे लागते.

गावाकडे आणखी दोन दारे आहेत. अनेक जिल्हा परिषदा दुर्धर आजारांसाठी स्वनिधीतून थोडी रक्कम देतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात विचारा. आणि कॅन्सरमुळे कमावता न येणाऱ्या ६५ वर्षांखालील गरीब माणसाला संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा अनुदान मिळते. उत्पन्नाची अट फार कडक, वर्षाला २१ हजार आहे, तरी पात्र असूनही अर्ज न केलेली माणसे प्रत्येक तालुक्यात सापडतील.

मेडिक्लेम असेल तर

खोली निवडताना चूक करू नका. विमा ५ लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार, अशी पॉलिसी समजा. तुम्ही ८ हजारांची खोली घेतलीत, तर वरचे ३ हजार भरून सुटका होत नाही. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर अशा खर्चांनाही पाच-अष्टमांश हेच प्रमाण लागते. हे खर्च २ लाख ४० हजार झाले तर कंपनी दीड लाख देईल आणि ९० हजार तुमच्या खिशातून जातील. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही. लावली असेल तर हरकत घ्या.

केमोसाठी रात्रभर दाखल राहावे लागत नाही. ती डे केअरमध्ये धरली जाते. तोंडाने घ्यायच्या केमोच्या गोळ्या आणि इम्युनोथेरपी सरसकट वगळता येत नाहीत, मात्र त्यांवर वेगळी मर्यादा असू शकते. पॉलिसीच्या कागदात ती शोधा. दावा नाकारला तर कारण लेखी घ्या आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे लागते. मुंबई आणि पुण्यात लोकपालांची कार्यालये आहेत.

कारखान्यात काम करणाऱ्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर उपचारांखेरीज बुडालेल्या पगाराचाही प्रश्न थोडा सुटतो. कॅन्सर दीर्घ आजारांच्या यादीत आहे. किमान दोन वर्षे नोकरी आणि ठरलेले हप्ते भरलेले असतील तर वाढीव आजारपण लाभ म्हणून पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. राजीनामा देऊन हा हक्क घालवू नका.

प्रवास आणि राहणे

रेल्वेत उपचाराला किंवा तपासणीला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री टायर एसीत १०० टक्के, तर सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. हॉस्पिटलकडून रेल्वेच्या ठराविक नमुन्यात प्रमाणपत्र घ्या आणि तिकीट आरक्षण खिडकीवर काढा, मोबाइलवर ते मिळत नाही. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही अनेकांच्या ओळखीची ठिकाणे आहेत. जागा मर्यादित असतात, म्हणून हॉस्पिटलचे पत्र घेऊन पहिल्याच दिवशी नाव नोंदवा.

शेवटी खिशातून गेलेल्या पैशांचा हिशेब. प्राप्तिकर कायद्यातली गंभीर आजारांच्या खर्चाची तरतूद (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडीबी) जुन्या करप्रणालीत ४० हजारांपर्यंत आणि पेशंट ६० वर्षांवरील असेल तर १ लाखापर्यंत वजावट देते. विम्यातून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते. त्यासाठी कॅन्सरतज्ज्ञाचे नाव, पात्रता आणि नोंदणी क्रमांक असलेली चिठ्ठी लागते. ही चिठ्ठी उपचार चालू असतानाच घेऊन फाइलमध्ये लावून ठेवा.